दोन सूत

पत्र्याच्या कामात पहिल्याच महिन्यात एक नियम शिकवतात. दरवाजा आधी भरायचा, मग त्याच्या फटी काढायच्या, म्हणजे चौकटीभोवतीची फट सगळीकडे सारखी करायची. भरायचा म्हणजे त्यात काच, काच वरखाली करायचं यंत्र, कुलूप, मूठ, सगळं घालायचं. रिकामा दरवाजा हलका असतो, तो कसाही टांगला तरी शहाण्यासारखा बसतो. छत्तीस वर्षं मी हा नियम दुसऱ्यांना सांगत आलो, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तो स्वतः मोडला. तोही सासऱ्यांच्या गाडीवर.

गाडी अमेरिकन. अठरा फूट लांब, आठ सिलिंडर, मागे दोन पंख आणि पुढे इतकं क्रोम की त्यात बघून दाढी करावी. सासरे एका कारखान्याच्या मालकाकडे एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. मालक गेले, मुलांना ते धूड नकोसं झालं, तेव्हा 'तुम्हीच न्या' म्हणून त्यांनी ती सासऱ्यांना देऊन टाकली. सासऱ्यांनी ती घरामागच्या शेडमध्ये ठेवली. शेड गळत होती. अठरा वर्षांनी गाडीचा तळ हाताने फाडता येत होता, तेव्हा त्यांनी ती टोचन करून माझ्या गॅरेजात पाठवली. बरोबर निरोप नाही, चिठ्ठी नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी गत. इथे व्याह्याऐवजी सासरा, एवढाच फरक.

सासरे मला लग्नापासून 'कारागीर' म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्यांच्या तोंडी ती शिवी आहे. गाडी चालवणं ही विद्या आणि गाडीचा पत्रा ठोकणं ही सक्तमजुरी, असं त्यांचं मत. लग्नानंतर त्यांनी मुलीला मालकांच्या परवानगीने याच गाडीतून माझ्या घरी आणून सोडलं. ती मागच्या सीटवर राणीसारखी आली. मी सामानाबरोबर टेम्पोत आलो. त्या गाडीत मी कधी बसलो नाही, बस म्हणून कोणी म्हटलंही नाही.

त्यांच्या नोकरीच्या गोष्टी मात्र मी सव्वीस वर्षं ऐकल्या. सगळ्यात लाडकी गोष्ट मालकांच्या झोपेची. मालकांना घरी झोप यायची नाही, गाडीत यायची. मागे त्यांचा डोळा लागला की सासरे हॉर्न वाजवायचे नाहीत, ब्रेकचा झटका लागू द्यायचे नाहीत. मुक्कामी पोचलं तरी इंजिन बंद करून तसेच बसून राहायचे. मालक आपणहून जागे झाल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही. "तीन-तीन तास बसलोय," ते सांगायचे, "पाणी प्यायला उतरलो नाही."

आणि तो दरवाजा. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा पहिल्यापासून लटकलेला. मूठ धरून जरा वर उचलायचा आणि मग कोपराने ढकलायचा, तरच लागायचा. ती सवय सासऱ्यांच्या हाडात गेली आणि त्यांच्याकडून माझ्या बायकोच्या. अजूनही ती टॅक्सीचा दरवाजा उचलून लावते. घरातलं कपाटसुद्धा. टॅक्सीवाले वळून बघतात, कपाट बिचारं काय करणार.

सात वर्षं ती गाडी माझ्या उरावर होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्या आणि उरल्या वेळात ही. बॉडी चासीवरून उचलली, गंजलेला सगळा पत्रा कापून काढला, नवा ठोकून घडवला. इंजिन माझ्या एका जुन्या मित्राने बांधलं, पण पत्र्याचा इंच न् इंच माझा. सीटच्या स्प्रिंगा नव्या, छताचं कापड नवं, स्टिअरिंगवरच्या भेगा भरून घेतल्या. या कामात माझा उजवा खांदा गेला. कुशीवर वळता येईना. कितीतरी महिने मी सलग तीन तास झोपलो नव्हतो. सकाळी गॅरेजचं शटर वर करताना वाटायचं, आत ती नसावी. कोणीतरी नेलेली असावी.

मग या वर्षी सासऱ्यांच्या उजव्या पायाला जखम झाली. साखरेमुळे ती भरेना, पाय काळा पडत गेला. डॉक्टरांनी तीन आठवड्यांची औषधं दिली आणि स्पष्ट सांगितलं, तेवढ्यात भरली नाही तर त्यानंतरच्या बुधवारी घोट्याच्या वरून पाय काढायचा. घरी आल्यावर सासरे माझ्या बायकोला म्हणाले, "त्याच्या आधी एकदा ॲक्सिलरेटर दाबायचाय. हा पाय आहे तोवर."

ते तीन आठवडे मी माणसात नव्हतो. काचा यायच्या होत्या, त्या येईनात. घाईला डोळे नसतात. मी दरवाजे रिकामेच टांगले, फटी काढल्या, रंग मारून घेतला. रंग असा उतरला की शेजारचा टायरवाला दुकान सोडून बघायला आला. नंतर काचा आल्या. सगळं भरलं आणि ड्रायव्हरचा दरवाजा लावला, तर खालचा कोपरा चौकटीला घासून गेला. दरवाजा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली आला होता.

बायको डबा घेऊन आली होती. तिने वाकून पाहिलं.

"उचलून लावा की," ती म्हणाली.

"नव्या गाडीचा दरवाजा कोणी उचलून लावतं का?"

"बाबा लावायचे."

"तेव्हा तो खराब होता."

"तेव्हाही तो लागत होता," ती म्हणाली आणि डबा ठेवून गेली.

बुधवारला नऊ दिवस होते. मी बिजागऱ्या सोडवल्या, खालच्या बिजागरीमागे पातळ पत्री सरकवली, पुन्हा आवळल्या, पुन्हा सोडवल्या. कधी कमी, कधी जास्त. मग घासलेला कोपरा तासून नव्याने रंगवला, वाळू दिला, पॉलिश केला. सोमवारी संध्याकाळी दरवाजा एका बोटाने लागला. नुसता टक् असा आवाज. फट वरपासून खालपर्यंत सारखी. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. एकटाच होतो म्हणून आलं. आता म्हातारा काय बोलतो ते बघू, असंही वाटलं.

मंगळवारी दुपारी बायको त्यांना घेऊन आली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, हातात काठी, उजव्या पायाला पांढरं बॅंडेज आणि त्यावर माझीच जुनी चप्पल. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. पंखावरून हात फिरवला. मी दार उघडून धरलं, बायकोने पाय उचलून आत ठेवला, ते बसले. बायको पलीकडून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मग त्यांनी मूठ धरली, उचलली आणि कोपराने ढकललं.

दरवाजा उचलला गेला नाही. उचलायला काही नव्हतंच. त्यांचा सगळा जोर उगाच वाया गेला आणि दरवाजा जोरात आदळून बंद झाला. ते दचकले. थोडा वेळ मुठीकडे बघत राहिले.

"दरवाजा बदललात?"

"नाही मामा. तोच आहे. नीट केलाय."

त्यांनी सीट चाचपली. स्टिअरिंगवर अंगठे फिरवले, जिथे भेगा होत्या तिथे. "सीट इथे बसलेली होती," ते म्हणाले. "माझ्या बाजूला. उशी घ्यायचो."

"स्प्रिंगा नव्या घातल्यात."

"छान केलीत गाडी, कारागीर," ते म्हणाले. या वेळी त्यात शिवी नव्हती, तेच वाईट. "शोरूममध्ये असते तशी झालीय. पण मी हिच्यात कधी बसलो नव्हतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला राग यायला हवा होता. सात वर्षं, एक खांदा, तीन आठवडे. पण राग यायलाही अंगात बळ लागतं. मी तिथेच फरशीवर बसलो आणि जे मनात आलं ते बोललो. "मामा, मी थकलो. तुमची गाडी करतोय म्हणत राहिलो, आणि माझंच काम तुम्हाला दाखवायला करत होतो. जुनं सगळं फेकून दिलंय. सीट परत आणता येणार नाही."

मग त्यांनी विचारलं, "आणि दरवाजा?"

"दरवाजा येईल."

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं. पण खाली घासेल. रंग जाईल."

"जाऊ दे," सासरे म्हणाले.

ते आत बसलेलेच होते. मी दरवाजा उघडला, खाली जॅक लावला, आडवा झालो, बिजागरीचे बोल्ट सैल केले. ती पत्री पकडीने ओढून काढली. नखाएवढी जाड. अख्खा आठवडा मी तिच्यामागे घालवला होता. बोल्ट आवळून जॅक काढला तेव्हा दरवाजा दोन सूत खाली बसला, जणू तोही दमला होता.

सासऱ्यांनी मूठ धरली, उचलली, कोपर लावलं. खालून बारीक खर्र असा आवाज आला आणि दरवाजा लागला. त्यांचे खांदे खाली आले.

मी उठून बाजूला उभा राहिलो, तर ते आरशात बघत म्हणाले, "मागं बसा."

"मी? कपडे बघा माझे."

"बसा. मागची सीट रिकामी असली की मला चुकल्यासारखं होतं."

मी हात पुसून मागे बसलो. ती सीट मीच बांधून घेतली होती, दहा वेळा झटकली होती, पण तिच्यावर बूड टेकलं नव्हतं. त्यांनी चावी फिरवली. आठही सिलिंडर एका दमात लागले. मग बॅंडेजचा पाय हळूच खाली गेला आणि आवाज चढला, अगदी सावकाश, झटका न देता. त्यांची पाठ ताठ झालेली मला मागून दिसली. आणखी एकदा दाबतात का बघावं म्हणून मी पाठ टेकली. पुढचं मला आठवत नाही.

पुढचं बायकोने सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा दाबलं, आरशात पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. अर्धा तास झाला, तास झाला. बॅंडेजमधून रक्त यायला लागलं होतं. ती दोनदा कुजबुजली, बाबा, उतरा आता, पाय दुखत असेल, उद्या ऑपरेशन आहे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"दरवाजा वाजेल," ते म्हणाले.

मी दोन तास झोपलो. जागा झालो तेव्हा ते तसेच बसलेले होते.