वांग्याची रोपं आणि दोघी जावा

"फेसबुकवर सगळी म्हातारी माणसं!" धाकटी म्हणाली आणि झारी अशी झटकली, की रोपांबरोबर थोरल्या जावेचे पायही न्हाले.

"म्हातारीच हवीत! शेतं त्यांच्याच नावावर आहेत. तुझ्या इन्स्टावरची नाचरी पोरं वांगी लावणार होय?"

झालं. सकाळच्या पारी हिरव्या जाळीखाली तोंडाचा पट्टा सुरू झाला. दोघींनी मिळून घरामागं रोपवाटिका काढली होती. रोपं अशी तरारली होती, की येणाऱ्यानं हात फिरवून बघावा. पण आडबाजूच्या त्या घराकडं फिरकतंय कोण? आणि रोप म्हणजे काही पितळेचं भांडं नाही, फडताळात ठेवलं न् पुढच्या वर्षी विकलं. दिवस उलटले की खोड लाकडासारखं होतं, मग उकिरड्याशिवाय त्याला कुणी विचारत नाही. त्यात सासूनं आधीच बजावलं होतं, "ही खेप वाया गेली, तर जागा परत माझ्या म्हशीच्या चाऱ्याला."

शेवटी दोघींनी जाहिरातीच्या वेगळ्या चुली मांडल्या. थोरलीनं फेसबुकवर फोटो टाकला. खाली नातेवाईक गोळा झाले. 'वहिनी, बारीक झालात', 'गुडघा काय म्हणतो?' रोपांचं नाव कुणी काढेना. धाकटीनं काळा चष्मा लावून गाण्यावर पाणी घालतानाचा रील केला. त्यावर बदामांचा पाऊस! सातासमुद्रापलीकडून एकानं विचारलं, 'एकच रोप पाठवाल का? खिडकीत ठेवायचंय.'

"बदाम किती आले गं?" पोत्यावर बसून बी निवडणाऱ्या सासूनं विचारलं.

"हजारांनी, आई."

"आणि गिऱ्हाईक?"

धाकटीनं फोन पालथा घातला. खालची पानं पिवळी पडायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या पानांवरूनच पुन्हा जुंपली. जाळी फाटते की काय, असा आवाज! दोघी भांडून दमल्या आणि पाठीला पाठ लावून कामाला लागल्या. तोच दारात ट्रॅक्टर थांबला. मागून दोन मोटारसायकली. ओढ्याकाठचा वांगीवाला उडी मारून उतरला.

"कुठाय ते भांडण?"

"कसलं भांडण?" धाकटी चपापली.

त्यानं खिशातून फोन काढून वाजवला. आतून धाकटीचाच आवाज कडाडला, "या रोपात एक कीड दाखवा ताई, नाक कापून देईन!"

"कीड असेल कशी?" थोरलीचा आवाज. "पान न् पान उलटून मी बघते! तू बसतेस फोनात डोकं घालून!"

"आणि शेणखत चाळून फोड कुणाच्या हाताला आले? तुमच्या?"

शेवटी सासू, अगदी गोड गळ्यानं, "ऐकलंत? वांग्याची रोपं तयार आहेत. पाणवठ्यामागचं घर. भांडण चालू असेल, बिचकू नका. सरळ आत या."

धाकटीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. थोरलीनं तोंडावर पदर घेतला, पण खांदे हसण्यानं हलत होते.

"जाहिरात कोण ऐकतो?" वांगीवाला ट्रे उचलत म्हणाला. "पण भांडणात इतकं खरं बोलणाऱ्या बाया पहिल्यांदा ऐकल्या."

"आई, कुठं टाकलंत हे?"

"व्हॉट्सॲपवर. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर. रेडकू मी तिथंच खपवलं की! ज्याचे हात चिखलात, तो तुमचे फोटो कधी बघणार? कान मात्र मोकळे असतात."

दिवस मावळेपर्यंत वांग्याचा एकच ट्रे उरला. तोही एकानं भांडण ऐकायला मिळालं नाही म्हणून रुसून, पण नेलाच.

पुढं मिरची तयार झाली. सासू फोन पुढं धरून बसली. "हं, बोला."

दोघी एकमेकींकडं बघून फिसकन हसल्या. भांडण काही येईना.

"धाकटे, तू सुरू कर."

"छे, ताई, तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही."

"मी का म्हणून? प्रत्येक कामाला मीच पुढं? मिरचीचे ट्रे कुणी धुतले?"

"कुणी म्हणजे? मी!"

"तू? पाणी दाखवलंस नुसतं! पुन्हा एकेक घासून त्यात बी टाकलं ते मी!"

"आणि त्या बियाला रोज पाणी कोण..."

सासूनं हळूच बटण दाबलं.