आईंची अंघोळ

“एनी लेडी विल डू,” सासूबाई घरी चौकशीला आलेल्या कौन्सिलच्या बाईंना म्हणाल्या, आणि मी आ वासून बघतच राहिले.

एनी लेडी? आठ महिन्यांत अंघोळ घालायला आलेल्या दोन केअरर पळवून लावल्या होत्या आईंनी. पहिलीला बाथरूममध्ये पाऊल टाकू दिलं नाही. दुसरीच्या अंगावर भरला तांब्या फेकला. परक्या बाईसमोर मी उघडी होणार नाही, मेले तरी, असं ठणकावून सांगितलं होतं. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचा डावा हात लुळा पडलाय. मग काय, ब्रिस्टलमधल्या दातांच्या दवाखान्यातली माझी अकरा वर्षांची नोकरी ठेवली बाजूला आणि बसले घरी. रोज त्यांना अंघोळ घालायची आणि रोज ऐकायचं, “भाजलंस गं मला!”

घरातल्याच माणसाला सेवेसाठी कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, सहसा पगार देत नाही. पण पेशंट दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नसेल, तर कधीकधी देते. रघुवीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, एकट्याच्या पगारात भागेना, म्हणून अर्ज केला. आदल्या दिवशी आईंना चारदा बजावलं होतं, की खरं आहे तेच सांगा, परकं कोणी नको म्हणा. त्यांनी मान डोलावली. आणि ऐन वेळी हे!

“आई, अहो नीट सांगा ना,” मी मराठीत म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंनी लॅपटॉपवर टिपून घेतलं, एजन्सीकडून केअरर पाठवते म्हणाल्या, चहाचं कौतुक केलं आणि गेल्या.

दार लागलं तशी मी सुटलेच. तुमचं काय कमी केलं, म्हटलं. तोंडघशी पाडलंत मला. बोलू नये तेही बोलले. आई उजव्या हाताने पदर सारखा करत ऐकत होत्या. मी दमल्यावर म्हणाल्या,

“मंगळवारी तुझ्या दवाखान्याच्या डॉक्टरांना फोनवर ‘परत येत नाही’ म्हणालीस आणि नळ सोडून रडत बसलीस. बहिरी नाही मी. माझी अंघोळ ही काय नोकरी आहे? तुझी आहे ती कर.”

नळ तर मी पुरता सोडला होता.

तीन आठवड्यांनी केअरर आली. वीस-बावीसची, हसरी पोरगी. दवाखान्यात परतल्यावरचा माझाही तो पहिला दिवस. आईंना धरून ती आत गेली आणि मी युनिफॉर्म घालून बाथरूमबाहेर उभी राहिले. बस चुकणार हे कळत होतं, पण पाय निघेना. दाराच्या फटीतून वाफ येत होती. एवढं कढत पाणी आईंना सोसत नाही. सांगायला हवं म्हणून मी दाराला हात लावला.

“टू हॉट, डार्लिंग?” पोरीने आतून विचारलं.

“नो, नो. थँक यू,” आई म्हणाल्या.

मला त्या कधी थँक यू म्हणाल्या नव्हत्या. मी हात मागे घेतला. पुन्हा पाणी पडल्याचा आवाज आला, पुन्हा थँक यू. मग प्रत्येक तांब्याला, थँक यू.