कुमारिकेचा पाट

आते गावाहून येताना ठरवूनच आली होती. "चेडू शाणा झाला की शाळा कित्याक? माझ्यावांगडा गावाक धाड, दोन वर्सांत उजवून टाकतंय," असं आईला रोज सुनवायची. आई खाली मान घालून तांदूळ निवडायची. बाबा कधी बहिणीचा शब्द मोडत नाहीत. भटवाडीतल्या आमच्या खोलीत आवाज फक्त आतेचा.

चेडू म्हणजे माझी धाकटी बहीण शकू. सातवीत, वर्गात पहिली-दुसरी. ती गणपतीतच शहाणी झाली होती. ते फक्त मला माहीत. तिचे पाळीचे कपडे माझे म्हणून मीच धुतले, बाजूलाही मीच बसले.

"तुका म्हयन्यात कितीदा येता गे?" आतेने एकदा विचारलं.

"माझं अंग, तुला काय करायचंय?"

नवरात्रात आतेने शकूला शाळेला दांडी मारायला लावली. कुमारिका म्हणून पुजायचं होतं, आणि कुमारिका म्हणजे पाळी न आलेली पोर. नेमकी त्याच सकाळी शकूला आली. मी मोरीपाशी पुऱ्यांचं पीठ चाळत होते. ती रडत आली.

"ताई, देवी कोपेल. मी सांगून टाकते."

"सांग. मग पिशवी भर आणि सहामाही गावाला म्हशीपुढे दे."

तिला खसकन खाली बसवलं. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या विमलाबाईंनी मंडळाच्या खोलीत मुलींची मीटिंग घेतली होती. दारात बायका शिव्या घालत उभ्या होत्या, तरी मी पूर्ण ऐकलं होतं. बाईंनी दाखवलेलं चित्र मी पिठात बोटाने काढलं.

"ही गर्भाची पिशवी. बकरीच्या तोंडासारखी दिसते. आत दर महिन्याला अस्तर तयार होतं, मूल राहिलं नाही की गळून पडतं. यात पाप कुठाय? दाखव."

"पण दुखतंय."

"पिशवी आवळते म्हणून दुखतं. गरम पाण्याने शेकायचं. फारच दुखलं, नाहीतर रक्त थांबेनाच, तर दवाखान्यात जायचं. देवळात नाही."

"तुझ्या वेळी तुला कोणी सांगितलेलं?"

"मी बाकावरून उठले तेव्हा डाग बघून पोरांनी सांगितलं."

"म्हणून तू त्या मार्तंडला कंपासपेटी मारलीस? आणि शाळा सोडलीस?"

"कपडा नीट घे. पिन आडवी लाव."

शकू पाटावर बसली. आतेने तिचे पाय दुधाने धुतले, कुंकू लावलं, पायांवर डोकं टेकलं. शकूच्या पायाची बोटं आत वळली. तिचं जेवण झालं, मग आम्ही बसलो. आतेने चार पुऱ्या हाणल्या.

शकू कधी देवीकडे बघत होती, कधी समईकडे. अचानक तिचा चेहरा मोकळा झाला.

"ताई, खरंच काही झालं नाही गं."

"काय होवचा होता?" आतेने विचारलं.

मी डोळे वटारले. त्या येडीने सगळं सांगितलं. पिठातल्या चित्रासकट.

आतेने ताट ढकललं. "देवीक बाटयलास. आणि त्याच पिठाच्यो पुऱ्यो माका घातलंस?"

"चार खाल्ल्यास," मी म्हटलं. "पायापण पडलीस. आता नमस्कार परत घे."

"शकू, पिशवी भर. उद्याच्या यष्टीन जावचा."

आई उठली. मला वाटलं, शकूला हाणते. तिने पाट उचलला, मोरीत धुतला, पुसला आणि परत जागेवर मांडला.

"वन्सं, शेजारच्या कमळला पण बोलावलंय. शाळेतून येईल आता. पाय तुम्ही धुता की मी धुऊ?"

"तुका लाज नाय?"

"सोमवारपासून शकूची परीक्षा आहे. ती कुठे जात नाही."

आते भिंतीकडे तोंड करून बसली. मी हसले तर आईने पाठीत गुद्दा घातला. "दात काढू नकोस. मोठ्यांशी असं बोलतात?"

मग त्याच रागात शकूला म्हणाली, "दप्तरात एक जास्तीचा कपडा ठेव. पेपरात कळ आली तर बाईंना सांग. माझ्यासारखी गप्प बसू नकोस."

"ऐकतंय मी," आते भिंतीकडूनच म्हणाली.

"ऐका," आई म्हणाली.