वीस जुलैचे पान

मित्रांनो, मी आखातातल्या सोहारच्या एका जेवणाच्या टेबलावर उभे राहून म्हातारे झालेले कॅलेंडर आहे. माझ्यावर वार छापलेले नाहीत, फक्त तारखा आहेत. म्हणून मी दरवर्षी चालते. तारेच्या कड्यांत ओवलेली तीनशे सहासष्ट पाने. आणि आधीच सांगते, मी स्वभावाने संशयी आहे.

त्याला कारण माझा जन्म. अमेरिकेतल्या छापखान्यात माझ्या प्रत्येक पानावर दोन ओळी उमटल्या. वर त्या तारखेची बेसबॉलची आठवण, खाली त्याच तारखेचा अमेरिकेचा इतिहास. चार जुलैला त्या देशाने स्वातंत्र्य जाहीर केले, आणि पुढे त्याच तारखेला लू गेरिग नावाच्या आजारी खेळाडूने भरल्या मैदानात स्वतःला नशीबवान म्हटले. पंधरा एप्रिलला लिंकन वारले, आणि पुढे त्याच तारखेला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरला. तेव्हापासून मला वाटू लागले, की कुठलाही दिवस एकटा येत नाही. एक गोष्ट लोक मोठ्याने सांगतात. दुसरी कुठे ठेवली आहे, ते शोधावे लागते.

सोहारच्या औद्योगिक वसाहतीतला एक अमेरिकन इंजिनियर १९९५ साली परत जाताना मला कारखान्याच्या स्टोअरकीपरला देऊन गेला. हा ग्रेगरी, मूळचा वसईचा. घरी बायको जुलियाना, सात वर्षांची जेसिका, आणि लहान खोलीत भाड्याने राहणारा चंद्रहास, त्याच कारखान्यातला फिटर. बेसबॉल यांच्यापैकी कुणालाच कळत नव्हते. तरी रोज सकाळी ग्रेगरी पान उलटून दोन्ही ओळी मराठीत सांगे आणि जेसिका त्याच्यामागून अडखळत म्हणे. चंद्रहास प्रत्येक होम रनला "म्हणजे आपला सिक्सर" म्हणे. मग जुलियाना त्याला सांगे, की भाऊ, चहा प्या, कॉमेंट्री पुरे.

संध्याकाळी ग्रेगरी पानामागे पेन्सिलीने तिसरी ओळ लिही, घरची. जेसिकाचा दात पडला. एसी बिघडला. वसईहून बोंबील आले. त्या घरात मला मोठा मान होता.

जुलियानाचे लाडके पान वीस जुलैचे. त्या तारखेला माणूस चंद्रावर उतरला, आणि त्याच दिवशी बॅटिंगमध्ये कच्च्या गेलॉर्ड पेरी या खेळाडूने आयुष्यातला पहिला होम रन मारला. याने होम रन मारण्याआधी माणूस चंद्रावर पोचेल, असे लोक त्याला चिडवत म्हणे. ते पान आले की जुलियाना आपल्या आईची गोष्ट सांगे. रेडिओवर बातमी आली तेव्हा वसईत ढग दाटले होते. आई तिला अंगणात घेऊन गेली आणि म्हणाली, "घरी पाहुणे आलेत ना, म्हणून चंद्राने पडदा ओढून घेतलाय."

१९९६च्या वीस जुलैला सकाळी ही गोष्ट आधीच्या वर्षीसारखी झाली. जुलियानाला सातवा महिना होता. रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितले होते. संध्याकाळी ग्रेगरी आला आणि बूटही न काढता माझ्यासमोर बसला. सवयीने पेन्सिल उचलून त्याने लिहिले, 'आज सकाळी जुलियानाची आई गेली.'

मेहुण्याचा फोन कारखान्यात आला होता. आखातातल्या माणसाला अशी बातमी एकदम द्यायची नाही, ही आमच्या लोकांची जुनी रीत. त्यातून तिची ही अवस्था. बाळ होईपर्यंत एक शब्द बोलू नका, असे मेहुण्याने बजावले होते.

लिहून झाल्यावर ग्रेगरी भानावर आला. त्याने रबराने खोडले, तरी पेन्सिलीचा दाब राहिलाच. आतून जुलियानाच्या चपलेचा आवाज आला. त्याने पान हिसका मारून ओढले, माझी भोके फाटली, आणि ते त्याने चंद्रहासच्या हातात कोंबले. फोन आला तेव्हा चंद्रहास स्टोअरमध्येच होता. त्याला सगळे ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी जुलियानाने पाहिले, एकोणीसनंतर थेट एकवीस.

त्या दिवसापासून घरात संशय राहायला आला. वसईहून आईची पत्रे बंद झाली. जुलियानाचा भाऊ लिही, आईचा हात दुखतो. जुलियाना ती पत्रे उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाची. बूथवरून फोन केला तर आई चर्चला गेलेली असे. रोज कशी चर्चला, असे ती मलाच विचारी. चंद्रहासचे सिक्सर थांबले. तो तिची नजर टाळू लागला, बॅगेला कुलूप लावू लागला. तिचा संशय खरा होता, मित्रांनो. फक्त तो चुकीच्या माणसावर जाऊन बसला.

एके दिवशी चंद्रहासची बॅग जरा उघडी राहिलेली पाहून जेसिका म्हणाली, "मम्मी, अंकलच्या बॅगमध्ये तुझा मून आहे."

"भाऊ, बॅग उघडा," जुलियाना म्हणाली.

चंद्रहासने ग्रेगरीकडे पाहिले. ग्रेगरी खिडकीबाहेर बघत होता.

"वहिनी, बाळ झालं की उघडतो. तोवर चोर म्हणा."

"चोराला मी घरात ठेवत नाही."

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तो सामान घेऊन कंपनीच्या कॅम्पमध्ये राहायला गेला. ग्रेगरीने अडवले नाही. त्या दिवसाच्या पानामागची तिसरी ओळ कोरी राहिली.

सप्टेंबरअखेर डिलन जन्मला. ग्रेगरी सांगणे रोज उद्यावर ढकलत होता. तीन आठवडे असे गेल्यावर एका शुक्रवारी चंद्रहास आपण होऊन आला. त्याने बॅग माझ्याशेजारी ठेवली आणि उघडली.

जुलियानाने चंद्राची ओळ वाचली. मग पान उलटले, उजेडाकडे तिरके धरले. खोडलेली ओळ दाबावरून उमटून दिसली. नवऱ्याकडे तिने पाठ फिरवली. चंद्रहासला म्हणाली, "भाऊ, बाळाला जरा घ्या. मी तुमची खोली उघडते."

चंद्रहास त्याच खोलीत परत आला आणि पुढे आठ वर्षे राहिला. पेन्सिल मात्र जुलियानाने स्वतःकडे घेतली. चिकटपट्टी लावून तिने ते पान माझ्यात बसवले आणि खोडलेल्या जागी शाईने लिहिले, 'आई गेली. मला सांगितले नाही.' दर वीस जुलैला ती ते पान ग्रेगरीसमोर ठेवते आणि तो तिन्ही ओळी मोठ्याने वाचतो.

आता २००८ साल आहे. माझे कोपरे दुमडलेत, तार गंजली आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांची पाने हळू उलटा. आणि कुणाचा दिवस त्याच्यापासून लपवू नका, मायेनेसुद्धा नाही. चिकटपट्टीने भोके बुजतात, पण ते पान सरळ उलटत नाही. दरवर्षी तिथे अडते, आणि साऱ्या घराला थांबावे लागते.