फाट्यावरची मोजणी

नवा महामार्ग आमच्या गावाला वळसा घालून गेला. गावात शिरायला एक फाटा तेवढा ठेवला होता. तिथून दिवसाला तीनशेच्या खाली गाड्या वळल्या, तर तोही बंद होणार होता. मोजायला बसवलं मला. हातात दोन बटणांचं यंत्र. आत येणाऱ्या गाडीला हिरवं बटण, बाहेर जाणाऱ्या गाडीला लाल. बाबांचं पंक्चरचं दुकान त्या फाट्याच्याच जिवावर चाललेलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसलाच प्रकार.

पहिल्या दिवशी दोनशे ऐंशी गाड्या आल्या. मी हिरवं बटण वीस वेळा जास्त दाबलं. लाजबीज काही वाटली नाही.

संध्याकाळी बाबा भलतेच खुशीत होते.

"अगं, आज एकदम वीस गाड्या आल्या. सगळ्यांत हवा भरली मी."

"माणसं कोण होती?"

"कोणीच नव्हतं गं. गेली असतील इकडेतिकडे."

मी दारातून पाहिलं. गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि काचांवर आतल्या बाजूने धूळ साचली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणीचे साहेब फाट्यावर आले. "काल आत तीनशे, बाहेर दोनशे ऐंशी? वीस गाड्या गावाने गिळल्या का? मेळ बसला नाही तर मोजणी रद्द, फाटा बंद."

"निघतील हो साहेब, आत्ता निघतील."

त्यांची पाठ वळताच मी लाल बटण वीस वेळा दाबलं. त्या रिकाम्या गाड्या जाऊ देत एकदाच्या, असंच मनात होतं.

पाच मिनिटांत दूधवाला गावाकडून आला. मागे शिंपीणबाई टेम्पोत, सगळी पोरं घेऊन. मग शाळेतल्या बाई. कोणाची पापणी लवत नव्हती. मी गळा फाडून हाका मारल्या, पण एकेक जण महामार्गाला लागत गेला.

एकोणीस गाड्या गेल्या. घाबरून मी हिरवं बटण दाबलं, तर महामार्गावरून एक रिकामी गाडी सावकाश आत वळली.

आणि विसावी आली ती बाबांची स्कूटर.

"बाबा, कुठे निघालात?"

"माहीत नाही गं," ते म्हणाले. पण थांबले नाहीत. मी मागे धावले, पडले, गुडघे फुटले.

मोजणी मंजूर झाली, फाटा राहिला. दुकानापुढे आता रोज रांग लागते आणि हवा मी भरते. त्या रांगेत कधी बाबांची स्कूटर आली, तर ती रिकामी नसावी, एवढंच मागते.