दहावा प्रयत्न

टेबलावर एक लॅपटॉप, बाबांचा फोन, एक भिंग आणि चहाचे दोन कप होते. एक रिकामा, एक साय धरलेला. स्क्रीनवर एकच ओळ नऊ वेळा उमटली होती: ४०१, ओळख पटली नाही.

सकाळचे पावणेनऊ. नऊला इस्पितळाच्या संकेतस्थळावर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या बारा जागा खुल्या व्हायच्या, या वर्षातल्या शेवटच्या. याआधी दोनदा हाताने फॉर्म भरेपर्यंत जागा हातोहात गेल्या होत्या. म्हणून लेकीने स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली: नऊच्या ठोक्याला ती बाबांच्या नावाने आत शिरून जागा धरणार होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांचा उजवा डोळा गेलाच होता. डाव्याने बोटं किती लांबून मोजता येतात, हे ती दर रविवारी टेपने मोजायची. गेल्या खेपेला चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.

सोमवारच्या चाचणीत स्क्रिप्ट सुरळीत आत गेली होती. त्यानंतर एकदाही नाही. तिने साइटचं प्रमाणपत्र तपासलं, लॅपटॉपची वेळ जुळवली, पासवर्डमागे चुकून मोकळी जागा राहिली का तेही पाहिलं. फोनवर मात्र खातं उघडंच होतं.

“बाबा, तुम्ही कशाला हात नाही ना लावलात?”

“छे गं. मेसेज आला तेव्हा पासवर्ड बदलला, तेवढंच.”

“कुठला मेसेज?”

“अनोळखी यंत्रावरून कोणीतरी शिरलंय म्हणून. सोमवारी. तूच घोकून घेतलं होतंस ना? आधी पासवर्ड बदलायचा, आणि कोणाला म्हणजे कोणाला सांगायचा नाही. ‘मलासुद्धा नाही,’ म्हणालीस.”

“अहो बाबा, ती चोर मीच होते!”

“मग चोराला कसा सांगणार?” ते हसले.

बाबांनी नवा पासवर्ड लिहून ठेवलेली वही तिने ओढून घेतली. न दिसता लिहिलेली अक्षरं एकमेकांवर चढली होती.

“हा सात की एक?”

“सात… थांब, आठवू दे.”

ते आठवत असतानाच नऊ वाजले. स्क्रिप्ट थांबवायची राहून गेली होती. ठरल्या वेळी ती आपोआप उठली आणि जुनाच पासवर्ड घेऊन दारावर गेली.

दहा चुकीचे प्रयत्न. खाते चोवीस तास बंद. फोननेही बाहेर काढलं.

नऊ वाजून तीन मिनिटांनी शिल्लक जागा शून्य होत्या.

“झालं का गं?” बाबांनी विचारलं.

रविवार नव्हता, तरी तिने खणातून टेप काढली. “सरळ बसा. किती बोटं?”

“जरा जवळ ये… तीन.”

एकसष्ट सेंटिमीटर.