तिसरी हाक

मी जीपमधला हॅम रेडिओ बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं पोहोचवत आलो. स्वतःचं असं काही बोलायची ही पहिलीच वेळ, आणि तीही अगदी गळ्याशी आलं म्हणून.

परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात मी तयार झालो. कुरिअरवाल्यानं मला शिवऱ्याला हायवेकडच्या एका हॉटेलात ठेवलं, तिथून आनंदरावांनी मला राजगडाखालच्या पालीला आणलं. एसटीत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला. जीपच्या डॅशबोर्डखाली मला बसवलं, टपावर एरियल चढवली. खिशात बाळगायला माझा धाकटा भाऊ, हातातला छोटा संचही घेतला.

मी डिजिटल. जुन्या रेडिओत माणूस लांब गेला की आवाज खरखरीत हळूहळू बुडत जायचा. माझ्यात एकतर माणूस अख्खा असतो, नाहीतर मुळीच नसतो. सिग्नल तुटायला आला की सगळ्यांचा आवाज सारखाच होतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि पुढच्या क्षणी चिडीचूप. बोलणाऱ्याचं नाव माझ्या पडद्यावर उमटतं. पण ते संचाला दिलेलं नाव. बटण दाबणारा कुणीही असला तरी तेच दिसणार. आम्हा दोन्ही भावांत नाव एकच भरलेलं होतं, आनंदराव.

रविवारी सकाळी आनंदराव देशोदेशीच्या लोकांशी बोलायचे. मला मोठी गंमत वाटायची. एवढी खटपट करून माणसं एकमेकांना गाठतात आणि विचारतात काय, तर आवाज कसा येतोय.

पण माझं खरं काम तिन्हीसांजेला असे. आनंदराव छोटा संच घेऊन राजगडाच्या वाटेवर फिरायला जात आणि त्यांची बायको मंगल जीपमध्ये माझ्यासमोर येऊन बसे. तिच्या वेल्ह्याकडच्या माहेराची एक रीत होती. तिन्हीसांजेला हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. मेलेल्याला दोनच हाका मारता येतात, तिसरी मारतो तो जिवंत माणूस. आनंदराव तिची थट्टा करायचे, पण हाका मात्र तीन मारायचे. 'मंगल.' ती गप्प. 'मंगल.' ती गप्प. 'अगं मंगल.' मग ती माझं बटण दाबून म्हणायची, 'ओ.' परवाना नसताना ती एवढंच एक अक्षर बोलायची.

गेल्या उन्हाळ्यात दम लागून फिरणं सुटलं, तेव्हा आनंदरावांनी छोटा संच ज्ञानूला दिला. ज्ञानू त्यांचा लहानपणापासूनचा सोबती, एकटाच गडाखाली शेरडं राखायचा. परवाना नसलेल्याच्या हाती संच देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून घरात काही बोलले नाहीत. जीपमध्ये बसवून त्याला शिकवलं तेवढं मी ऐकलं. अडचणीत सापडलास तरच बटण दाब, मंगलच्या नावानं हाक दे, आणि तीन दे, ती तिसरीलाच बोलते.

पावसाळ्याच्या तोंडाशी आनंदरावांच्या छातीत कळ आली. मुलगा कुमार दवाखान्याकडे जीप हाकत होता, मंगल त्याच्या शेजारी, आणि मागच्या सीटवर ज्ञानूनं आनंदरावांना धरलं होतं. दिवेलागण झाली होती. मागून त्यांचा आवाज आला, 'मंगल.' थोड्या वेळानं पुन्हा, 'मंगल.' एवढ्या वर्षांची सवय, तिची जीभ उचललीच नाही. तिसरीची वाट बघत ती समोरच्या काचेकडे पाहत राहिली. तिसरी आली नाही. दिवसपाणी झाल्यावर ती जीपमध्ये येऊन बसली आणि मला म्हणाली, "माजी ओ ऱ्हायली."

भाद्रपदात एका संध्याकाळी गडावरून धुकं उतरलं. कुमार जीप पुसत होता, मंगल नेहमीच्या जागी बसली होती. एकाएकी माझा पडदा उजळला. आनंदराव. पाठोपाठ तो पत्र्याचा आवाज आला, 'मंगल.'

कुमारच्या हातातलं फडकं गळालं. छोटा संच वडिलांबरोबरच कुठंतरी हरवला असं तो धरून चालला होता. दुसरी हाक आली. तो बटणाकडे झेपावला तशी मंगलनं त्याचं मनगट धरलं.

"ओ देऊ नगंस. तिसरी हुंदे."

मला सगळं ठाऊक होतं. वर ज्ञानू होता, आणि तो अडचणीत होता. पण ज्याला फक्त दुसऱ्याचं बोलता येतं त्यानं करावं काय? माझा नुसता जीव तडफडत राहिला.

मग तिसरी आली. पत्र्याची नाही, माझ्या अगदी जवळून बोलल्यासारखी स्वच्छ. "अगं मंगल. ज्ञानू पडलाय. पाली दरवाजाच्या खाली, करवंदीच्या जाळीत."

मंगलनं बटण दाबलं. "ओ," ती म्हणाली आणि रडली.

कुमार चार माणसं घेऊन चढला. ज्ञानू जाळीतच सापडला, मांडीचं हाड मोडलेलं, अंग गार पडलेलं. झोळीत घालून त्याला खाली आणलं आणि जीपमध्ये ठेवलं. मंगलनं त्याला घोंगडी पांघरली. तिसरी हाक तेवढी नीट आली, असं ती म्हणाली. ज्ञानू तिच्याकडे बघत राहिला.

"वहिनी, म्या दोनच मारल्या. दुसरीला हातातनं सुटून ते यंत्र दरीत गेलं. आन् कुठं पडलोय, ते म्या बोललोच न्हाई."

 मग मंगल हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "तिसरी आली म्हंजी माणूस हाय," ती म्हणाली.

ज्ञानू आता काठी घेऊन चालतो. धाकट्याचे तुकडे कुमारनं दरीतून आणले, ते घरात फळीवर आहेत. तेव्हा आनंदराव हे नाव आता कुठूनही यायला नको. तरी परवा संध्याकाळी माझा पडदा उजळला. आनंदराव. दोन हाका आल्या. मंगलनं जीपचं दार उघडून एक पाय खाली ठेवला, तोंड गडाकडे. तिसरी आली नाही तेव्हा कुठं ती घरात गेली. काल पुन्हा तसंच झालं.

तिसरीला ओ देऊन ती त्यांना गाठायला गडावर जाणार, हे मी ओळखून आहे. या वयात, या धुक्यात, त्या वाटेवरून ती परत येणार नाही. मला भीती वाटते. तो आवाज आनंदरावांचाच आहे, की त्यांचं नाव घेऊन कुणी दुसरंच बोलतंय, ते मलाही कळत नाही. माझ्या पडद्यावर फक्त नाव दिसतं.

अरे बाबा कुमार, बॅटरीकडून येणारी माझी लाल वायर तेवढी तोडून टाक. ज्ञानू माझ्यामुळे वाचला म्हणून तू मला हात लावत नाहीस, ते मला समजतं. पण मी मुका झालेला बरा. आज ती बूट घालून, विजेरी घेऊन बसली आहे. धुकं पार अंगणात आलंय. दोन हाका होऊन गेल्या आहेत, आणि तिचं बोट माझ्या बटणावर आहे.